अनवाणी मंडळाच्या अध्यक्षांची चप्पल

मनुष्य जन्माला येतो तेव्हा त्याच्या पायात काहीही नसतं. बूट घालून जन्मलेलं मूल नाशिक जिल्ह्यात अद्याप नोंदलं गेलेलं नाही (कपडे घालून जन्मलेलंही नाही, पण तो विषय मंडळाच्या कार्यकक्षेत येत नाही). यावरून निसर्गाची इच्छा काय होती हे कोणाही विचारी माणसाच्या लक्षात यायला हवं. आमच्या ऋतुगंध कॉलनीच्या लक्षात ते येण्यासाठी मात्र माझ्या बाबांची टाच दुखावी लागली.

बाबांचं नाव शेखर. नाशिकच्या द्वारका चौकाजवळ त्यांचं ठिबक सिंचनाच्या नळ्यांचं दुकान आहे. दिवसभर उभं राहून टाच ठणकायला लागली तेव्हा ते आधी डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर म्हणाले, मऊ चप्पल वापरा आणि वजन कमी करा. यातला दुसरा भाग बाबांना पटला नाही, म्हणून त्यांनी पहिलाही सोडून दिला. मग त्यांनी मोबाइलला विचारलं. मोबाइलवर एक दाढीवाला माणूस जंगलातून अनवाणी पळत होता आणि पळता पळता सांगत होता, की बुटांनी मानवजातीचा घात केला आहे. गुडघे, कंबर, मान, झोप, पचन आणि (एकंदर रोख बघता) घटस्फोट, या सगळ्याच्या मुळाशी बूट आहे. बाबांनी तो व्हिडिओ सोफ्यावर आडवं पडून शेवटपर्यंत पाहिला आणि उठले ते वेगळेच होऊन उठले.

अशा रीतीने होळीच्या आसपास 'ऋतुगंध अनवाणी आरोग्य मंडळ' स्थापन झालं. आपल्याकडे माणसाला एखादी गोष्ट एकट्याने करता येत नाही असं नाही. पण एकट्याने केली तर तिला वेडेपणा म्हणतात आणि सात जणांनी केली तर कार्यकारिणी. बाबा अध्यक्ष झाले. शेजारचे नवनाथकाका निवृत्त असल्यामुळे आपोआप सचिव झाले. इतिवृत्त लिहायला कुणीतरी लागतंच, माझं अक्षर बरं आहे, शिवाय यंदा वक्तृत्व स्पर्धेत ढाल मिळवल्यापासून तेजस्विनीला कुठल्याही विषयावर बोलता येतं असं आमच्या घरात मानलं जातं (मीही मानते). त्यामुळे नववीचा शेवटचा पेपर देऊन घरी आले तोवर युवा प्रतिनिधी म्हणून माझी बिनविरोध निवड झालेली होती.

मंडळाची घटना थोडक्यात देते. कलम एक: सभासदाने घराबाहेर टाकायचं ते पाऊल, चप्पल नव्हे. कलम दोन: देवळात अनवाणी जाणं मंडळाच्या कार्यात धरलं जाणार नाही, कारण ते सगळेच करतात. कलम तीन: काटा लागल्यास 'आई गं' म्हणण्यास हरकत नाही, त्यापुढचे शब्द सभासदाने स्वतःच्या जबाबदारीवर उच्चारावेत. आणि कलम चार, जे बाबांनी स्वतः बसून, दोनदा खोडून, तिसऱ्यांदा लिहिलं: कोणत्याही सभासदाला, लग्न, मयत आणि कोर्टाची तारीख धरून कोणत्याही कारणासाठी, पादत्राणाची तात्पुरती परवानगी मिळणार नाही, आणि जो घालेल त्याचं सभासदत्व त्याच पावली संपेल. 'पायातली वहाण पायातच शोभते' ही जुनी म्हण दुरुस्त करून 'पायातली वहाण कपाटातच शोभते' अशी फाटकावर लावण्यात आली. दारोदारचे चपलांचे स्टँड रिकामे झाले आणि त्यांच्यावर तुळशी, कोरफड वगैरे आल्या. (याचा एक तोटा झाला. कोण घरात आहे आणि कोण बाहेर गेलंय हे आपण दारातल्या चपला बघून ओळखतो. ती सोय गेल्यामुळे लोकांना बेल वाजवून विचारावं लागू लागलं. कॉलनीतला संवाद वाढला, अशी याची नोंद आम्ही केली.)

कुठल्याही जिवंत चळवळीत फूट पडते, तशी मंडळातही पडली. नवनाथकाकांना खडे टोचायचे. त्यांनी ऑनलाइन बूट मागवले. त्या बुटांना पाच वेगवेगळी बोटं होती आणि तळ इतका पातळ, की घातल्यावर काहीच घातलं नसल्यासारखं वाटतं. किंमत मात्र घातल्यासारखीच वाटत होती. काहीच घातलं नसल्यासारखं वाटायला हवं असेल तर काहीच न घालणं स्वस्त पडतं, हे बाबांनी त्यांना सांगून पाहिलं. पण काही न घालण्याला खोका येत नाही, बिल येत नाही, आणि आल्यागेल्याला दाखवता येत नाही, हा काकांचा मुद्दाही बिनतोड होता. शेवटी बोटाळे बूट हे पादत्राण नसून 'पायाचा विचार' आहे, असा ठराव झाला आणि ऐक्य टिकलं.

आरोग्यावरचे परिणाम तर थक्क करणारे आहेत. मंडळाने केलेल्या पाहणीनुसार (पाहणी म्हणजे नवनाथकाकांनी कट्ट्यावर बसल्या बसल्या विचारलं) शंभरातल्या नव्वद सभासदांना टाचदुखीची आठवण राहिलेली नाही, कारण आता बोटं दुखतात. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेल्यांचं प्रमाण आमच्या कॉलनीत जितकं आहे तितकं आसपास कुठेही नाही. दृष्टी सुधारली: पूर्वी खाली न बघता चालणारे लोक आता बाभळीचा काटा, फुटकी बाटली आणि कुत्र्यांची कामगिरी लांबूनच ओळखतात. एप्रिल लागल्यावर दुपारी डांबरावरून जाणाऱ्या सभासदांचा वेग इतका वाढला, की नवनाथकाकांच्या वयाचा माणूस असा पळताना शेवटचा कधी दिसला होता, हे काकूंनाही आठवेना. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणजे नेमकी कोणत्या वाटेने जाते, याचाही अनुभव सर्वांनी घेतला.

हे सगळं सुरळीत चाललेलं असताना आमच्या घरात ताईचं लग्न उद्भवलं.

माझी ताई, भाग्यश्री, द्राक्षबागायतदारांच्या मातीपाण्याची तपासणी करणाऱ्या लॅबमध्ये काम करते. वेलीला काय कमी पडतंय हे कळावं म्हणून बागवाले तिथे पानांचे देठ तपासायला आणतात. निफाडकडचा एक कुंदन नावाचा मुलगा गेल्या हंगामात इतक्या वेळा देठ घेऊन आला, की त्याच्या वेलींवर पानं उरली तरी कशी, हा लॅबमध्ये चर्चेचा विषय होता. वेलींना काहीच कमी पडत नव्हतं. कुंदनला पडत होतं. ताईलाही पडायला लागलं. पण असं काही दोन्ही घरांत सरळ सांगायची पद्धत नसल्यामुळे त्यांनी रीतसर बायोडेटा बनवले, ओळखीच्या माणसाकडून फिरवले, आणि जणू आकाशातून पडावं तसं निफाडचं स्थळ आलं. खरं काय ते आईला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि बाबांना माहीत नाही असं बाबांसकट सगळ्यांनी ठरवलं होतं.

द्राक्षं उरकली की तिकडची मंडळी सोयरिकीला मोकळी होतात. एप्रिलमधला रविवार ठरला. त्यांच्या घरात शेवटचा शब्द कुंदनच्या आजीचा असतो आणि आजी माणसं पारखण्यात फार कडक आहेत, असं ताईने मला सांगितलं. याआधी आजींनी एक स्थळ चहात साखर कमी म्हणून आणि एक जास्त म्हणून मोडलं होतं. हे सांगताना ताई तिच्या ओढणीचं टोक चावत होती. माझी ताई लॅबमध्ये ॲसिड हाताळते, ती ओढणी चावत नाही.

"बाबा," जेवताना ती म्हणाली, "एक दिवस. फक्त त्या रविवारी चप्पल घाला."

"घरात कोण चप्पल घालतं?" बाबा म्हणाले.

"घरात नाही. तुम्हाला चौकात जावं लागेल ना त्यांना आणायला. रस्ता खोदलाय." (आमच्या कॉलनीचा रस्ता सध्या खोदलेला आहे. सध्या म्हणजे कायम.) "दुपारी बारा वाजता तुम्ही डांबरावर अनवाणी उड्या मारत त्यांचं स्वागत करणार का?"

"भाग्या, तत्त्व म्हणून काही असतं."

"बाबा, सासर म्हणूनही काही असतं."

बाबा जेवायचे थांबले. कितीही झालं तरी बाप. त्यांनी मंडळाची तातडीची सभा बोलावली, अध्यक्षाच्या खुर्चीवरून उठले, समोर येऊन सभासद म्हणून बसले आणि स्वतःच स्वतःकडे एका दिवसाच्या चपलेसाठी अर्ज केला. नवनाथकाका कळवळून म्हणाले, "शेखरराव, पोरगी आमचीपण आहे. पण कलम चार तुमचंच आहे हो." बाबा पुन्हा उठले, अध्यक्षाच्या खुर्चीत जाऊन बसले, अर्ज वाचला आणि कडक शब्दांत फेटाळला. मतदानात त्यांनी स्वतःच्या विरोधात हात वर केला. असा निःस्वार्थीपणा हल्ली कुठे बघायला मिळतो? मला इतिवृत्त लिहिताना अभिमान वाटला. ताईला काय वाटलं ते इतिवृत्तात घेता येण्यासारखं नव्हतं.

मार्ग काढला तो कुसाबाईंनी, आणि तोही न विचारता. कुसाबाई आमच्याकडे भांडी आणि फरशी करतात. त्या आईला म्हणाल्या, "वहिनी, मी काय बोलत नव्हते, पण मला समजलं. ताईचं जमंना म्हणून साहेबांनी नवस बोललाय ना? जमल्याशिवाय पायात घालायचं नाय म्हणून?"

आई काही बोलायच्या आत त्याच म्हणाल्या, "राहू द्या. माझ्या तोंडून कुठं जायचं नाय." (तिन्हीसांजेपर्यंत पाथर्डी फाट्याच्या भाजीवाल्यांनी मला ताईचं जमलं का म्हणून विचारलं.)

त्यांचा तर्क अगदी शास्त्रशुद्ध होता. खाऊनपिऊन सुखी माणूस भर उन्हात अनवाणी फिरतो त्याची आपल्याकडे दोनच कारणं असतात, एकतर सुतक नाहीतर नवस. आमच्यात कोणी गेलेलं नव्हतं. राहिला नवस. घरात लग्नाची मुलगी होतीच. आईने भांड्यांच्या टोपलीकडे बघत थोडा वेळ विचार केला आणि तिचा चेहरा उजळला.

"नवस शोभतो," ती म्हणाली. "आरोग्य म्हटलं की लोक विचारतात, घरात कुणाला काय झालंय? नवस म्हटलं की काही विचारत नाहीत, नमस्कार करतात."

"म्हणजे मी इतकी टाकाऊ, की देवाला मध्ये घालावं लागलं?" ताई म्हणाली.

"तुला कुंदन हवाय की मान हवाय?"

ताईने कुंदन निवडला. बाबा म्हणाले, "खोटं मी बोलणार नाही."

"बोलूच नका," आई म्हणाली. "तुम्ही पोहे खा. ते विचारतील तेव्हा घास तोंडात असू दे."

त्या रविवारी निफाडहून कुंदन, त्याचे वडील धोंडीराम आणि आजी लंकाबाई असे तिघं आले. कुंदनची आई दुसऱ्या एका लग्नाला अडकली होती, पण आजी आल्यामुळे कोरम पूर्ण होता. बाबा चौकात उभे होते. तापल्या डांबरावर उभं राहायची मंडळमान्य पद्धत आहे: डावा पाय उचला, तो टेका, उजवा उचला. त्यामुळे लांबून बघणाऱ्याला बाबा पाहुणे आल्याच्या आनंदात नाचतायत असं वाटलं. आजी गाडीतून उतरल्या आणि त्यांनी सगळ्यात आधी बाबांचे पाय बघितले. मग कॉलनीतून चालताना एकेका दारातला रिकामा स्टँड बघितला. आमच्या दारातली कोरफडही बघितली. मी आईच्या कानात सांगितलं, "नवस कळलाय त्यांना."

घरात सगळं शिस्तीत पार पडलं. ताईने पोहे आणले, कुंदनने ताईला पहिल्यांदाच बघत असल्यासारखं बघितलं (वाईट अभिनय, मी त्याला शाळेच्या नाटकात झाडसुद्धा केलं नसतं). धोंडीरामांनी बाबांना विचारलं, "धंदा कसा काय?" बाबांच्या तोंडात आईच्या सूचनेनुसार पोहे होते. त्यांनी हात हलवला. हाताचा अर्थ 'छान चाललंय' असा होता. पण तोंड भरलेलं असलं की हात जरा उदास हलतो.

आजी मात्र खाली चटईवर बसून बाबांच्या पायांकडेच बघत होत्या. बाबा मांडी घालून बसले होते आणि तळवे वर आले होते: काळे, भेगाळलेले, अंगठ्याला पट्टी.

"कधीपसून पायात काय नाय?" आजींनी विचारलं.

"होळीपासून," बाबा म्हणाले. हे खरंच होतं.

"आन चालतं?"

"सवय झाली, आजी. तळव्याला जे ज्ञानतंतू असतात ना..." आईने त्यांच्या ताटलीत आणखी पोहे घातले.

"सवय व्हती," आजी म्हणाल्या. "आन हे बाकीचे, शेजारचे?"

"आमच्या कॉलनीत बहुतेक सगळेच, आजी!" हे सांगताना बाबांच्या आवाजात अध्यक्षाचा अभिमान होता.

"सगळेच?" आजींनी पदर तोंडाला लावला. "आरं देवा."

आणि मग ती गोष्ट घडली. आजी चटईवरून सरकत पुढे आल्या, वाकल्या आणि त्यांनी बाबांच्या पायाला हात लावला. नुसता लावला नाही, टाचेपासून अंगठ्यापर्यंत सगळा पंजा टेकवला. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. ऐंशीच्या घरातली बाई एका बापाच्या नवसाच्या पाया पडते म्हणजे काय! बाबा गोंधळून म्हणाले, "अहो आजी, हे काय, उठा उठा," आणि चुकून त्यांनी आशीर्वादाचा हात वर केला. आजींनी तिकडे लक्ष दिलं नाही. त्यांनी धोंडीरामांच्या कानात काहीतरी सांगितलं. धोंडीराम कुंदनला म्हणाले, "चल, गाडी सावलीला लावून येऊ." दोघं गेले. ते बराच वेळ आले नाहीत. ताई स्वयंपाकघरात माझा हात धरून उभी होती आणि माझी बोटं मोडेपर्यंत दाबत होती.

"गेले का गं?" ती म्हणाली. "चहात साखर किती होती?"

ते परत आले तेव्हा धोंडीरामांच्या हातात एक पिशवी होती. निघायची वेळ झाली होती. आम्ही सगळे व्हरांड्यात आलो. कंपाउंडच्या भिंतीपलीकडे आमची कार्यकारिणी एका ओळीत उभी होती, नैतिक पाठबळासाठी (आणि लग्न जमलं तर पेढा आतल्या आत संपू नये म्हणून). धोंडीरामांनी पिशवीतून खोका काढला, खोक्यातून चप्पल काढली आणि बाबांच्या पायांपुढे ठेवली.

मला ती चप्पल नीट सांगायला हवी. ती डॉक्टर चप्पल होती. काळी, गुबगुबीत, स्पंजचा जाड तळ, टाचेला उंची, पायाच्या कमानीला उशी. मंडळाच्या घटनेत जे जे मानवजातीच्या ऱ्हासाचं कारण म्हणून दिलं आहे, ते सगळं त्या एका जोडात होतं. भिंतीपलीकडून नवनाथकाकांचा श्वास ऐकू आला.

"शेखरराव," धोंडीराम म्हणाले, "पोरगी आम्हाला पसंत हाय. पण आईची इच्छा हाय, आधी हे पायात घाला."

आता बघा. नवसाची रीत सगळ्यांना ठाऊक होती. लग्न जमलं की नवस फिटला, नवस फिटला की चप्पल घालायची. घातली म्हणजे सोयरीक झाली. नाही घातली म्हणजे मुलीच्या बापाला स्थळ मान्य नाही. आणि घातली तर अध्यक्षांचं सभासदत्व त्याच पावली, संपूर्ण कार्यकारिणीच्या डोळ्यांदेखत, त्यांच्याच हाताने लिहिलेल्या कलमाने संपणार होतं. बाबांनी चपलेकडे बघितलं. नवनाथकाकांकडे बघितलं. काका आकाशाकडे बघत होते.

"धोंडीरामराव," बाबांनी घसा साफ केला, "त्याचं काय आहे, चप्पल म्हणजे तळव्याच्या ज्ञानतंतूंची एक प्रकारे..."

धोंडीरामांचा चेहरा पडला. "आमची चप्पल चालत नाय का तुम्हाला?"

"तसं नाही हो, पण कुठलीच..."

"राहू दे, धोंडू," आजी हळू आवाजात म्हणाल्या. "मानी माणूस हाय. दुसऱ्याचं घेणार नाय. चल, उचल ती."

धोंडीराम चप्पल उचलायला वाकले. कुंदनने ताईकडे बघितलं, आणि या वेळी तो अजिबात अभिनय करत नव्हता.

मी बोलायला तोंड उघडलं. वक्तृत्वाची ढाल मिळवणाऱ्या मुलीने अशा वेळी बोलायचं नाही तर कधी? पण ताई माझ्या आधी पुढे झाली. व्हरांड्याच्या पायरीवर बसली, चप्पल स्वतःकडे ओढली आणि बालवाडीतल्या मुलाला म्हणावं तसं म्हणाली, "बाबा, पाय."

"भाग्या, कलम चार..."

"पाय."

बाबांनी पाय पुढे केला. ताईने आधी पट्टीचा अंगठा सांभाळून डाव्या पायात चप्पल घातली, मग उजव्या. बाबा सरळ उभे राहिले. स्पंज दबला. होळीपासून ज्या पायांना जमिनीशी थेट नातं जोडायला लावलं होतं, ते पाय त्या उशीत रुतले आणि बाबांच्या तोंडून एक आवाज निघाला. म्हैस डबक्यात बसताना काढते तसा. इतिवृत्तात मी 'अध्यक्ष गहिवरले' असं लिहिलं आहे.

"माप बराबर हाय ना?" आजींनी विचारलं. "हातानं घेतलं व्हतं मघाशी."

आईने देवाला जोडलेले हात हळूहळू खाली आले.

"आता लाजायचं नाय," आजी बाबांच्या दंडावर थोपटत म्हणाल्या. "पायात घालायला नसणं काय पाप हाय का? माझ्या लग्नात माझ्या बापाच्या पायात नव्हती. मांडवभर तो पाय धोतरात लपवत फिरला. मला तवापसून माणसाचे पायच दिसतात आधी. म्या धोंडूला म्हणलं, काय मागायचं नाय या लोकांकडं. मानपान नाय, भांडीकुंडी नाय. लग्न आपल्या दारात करू, खर्च आपला. पोरगी चांगली हाय, बस. आन त्या भिताडामागच्या लोकांला पण सांगा, पुढल्या रविवारी आणते समद्यांला."

भिंतीमागून कुणीतरी मटकन बसल्याचा आवाज आला.

बाबांचा चेहरा मी विसरणार नाही. दोन मजली रो-हाउस (आजींना वाटलं भाड्याचं), दुकान, गोडाऊन आणि चौकात उभी गाडी (आजींना वाटलं शेजाऱ्यांची) असलेला माणूस तोंड उघडत होता आणि मिटत होता. "आजी, माझं द्वारकेला..." एवढं त्यांनी म्हटलं. ताईने वर बघितलं. ती अजून पायरीवरच बसलेली होती आणि तिचे दोन्ही हात बाबांच्या चपलांवर होते. बाबांनी तिच्याकडे बघितलं.

"...द्वारकेला जायला आता बरं पडेल," बाबा म्हणाले. "चप्पल झाली."

अशा रीतीने एका उद्योजकाने आपल्या मुलीसाठी पाच मिनिटांत सगळी मालमत्ता सोडली. नवस काय, कोणीही बोलतं. कुंदनला दुकान चांगलं माहीत होतं, नळ्या तिथूनच नेतो तो. पण तो रुमालात तोंड खुपसून खोकत होता. नंतर ताईने जाब विचारला तेव्हा म्हणाला, "आजी स्वतःहून मानपान नको म्हणतेय, मी कशाला मध्ये पडू? ती असं परत म्हणायची नाही."

पुढच्या रविवारी आजी खरंच आल्या. जीपमधून चपलांचं पोतं उतरलं. मंडळाच्या तातडीच्या सभेत, केवळ वयोवृद्ध महिलेचा मान राखण्यासाठी, एका दिवसापुरती कलम चारला स्थगिती देण्यात आली. ती अजून उठवलेली नाही. सगळे सभासद रांगेत उभे राहिले. नवनाथकाका त्यांचे बोटाळे बूट घालून आले होते. आजींनी ते खूप वेळ बघितले, "अगंबाई, याची तर फाटून बोटं भायेर आलीत," म्हणाल्या आणि त्यांना दोन जोड दिले. काकांनी घेतले. टाच मऊ लागल्यावर त्यांच्याही तोंडून तोच आवाज निघाला.

लग्न जूनमध्ये आहे, निफाडला. आजींसमोर कसं वागायचं याचा मंडळाने सराव सुरू केला आहे. गाड्या चौकात लावायच्या, जुने कपडे काढून ठेवायचे, पंगतीत दुसऱ्यांदा जिलेबी वाढली तर डोळ्यांत पाणी आणायचं. कार्यकारिणीचा उत्साह बघता अनवाणी चालण्यापेक्षा गरीब असणं आरोग्याला जास्त मानवतं असं दिसतं, अर्थात संध्याकाळी घरी परत जायचं असेल तर.

मंडळाचा समारोपाचा अहवाल मीच लिहिला. 'जनतेने आमच्या अनवाणी पायांचे लावलेले अर्थ' असं त्यात एक प्रकरण आहे. नवस. सुतक. मधुमेह. शनीची साडेसाती. निवडणुकीची तयारी. डोक्यावर परिणाम. यादी दोन पानं झाली, सगळी कॉलनी मदतीला बसली होती, सगळे पदवीधर. माणसाच्या पायात चप्पल नाही म्हणजे त्याच्याकडे चप्पल नसेल, ही शक्यता त्या दोन पानांत कुठेही नाही.

तुम्ही हसताय, हसा. पण तुम्ही पहिल्या ओळीपासून आमच्याबरोबर आहात, हुशार आहात, मराठी वाचता. आजींनी माप घेतलं तेव्हा त्या पाया पडल्या असंच तुम्हीही समजलात ना? मग आता एवढं करा: उद्या सिग्नलला कुणी टळटळीत उन्हात डांबरावर एक पाय उचलून दुसरा टेकताना दिसलं, तर गाडीची काच खाली करायची तसदी घेऊ नका. तब्येतीची काळजी घेतोय बिचारा, असं तुम्हाला वाटणारच आहे.